स्थान आणि भूमी : सैनिकाच्या हातातील उपग्रह-दिशादर्शक यंत्राची चिकित्सा

प्रास्ताविक

रणभूमीवर सैनिकापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न ‘शत्रू कोठे आहे’ हा असतो, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्यापूर्वी ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाचे उत्तर त्याला शोधावे लागते. स्वतःचे स्थान निश्चित झाल्याशिवाय तोफखान्याला लक्ष्य कळविता येत नाही, जखमींसाठी हेलिकॉप्टर मागविता येत नाही आणि शेजारच्या तुकडीशी समन्वयही साधता येत नाही. अनेक पिढ्यांनी हे उत्तर नकाशा, होकायंत्र आणि पावलांची मोजणी यांच्या साहाय्याने मिळविले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून त्यांच्या जोडीला हातात मावणारे उपग्रह-दिशादर्शक यंत्र आले.

या यंत्राविषयी आपल्याकडे जे लेखन व व्याख्याने होतात, त्यांत दोन गृहीतके वारंवार आढळतात. पहिले असे की, १९९९ च्या कारगिल युद्धात अमेरिकेने भारताला जीपीएसची माहिती नाकारली आणि म्हणून स्वदेशी उपग्रहमालिका हाच सैनिकाच्या अडचणीवरील उपाय ठरतो. दुसरे असे की, यंत्र हाती आल्यावर नकाशावाचनाची गरज संपते. या दोन्ही गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उपग्रहांची मालकी आणि भूमीचे वाचन हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला सुटला म्हणजे दुसरा सुटतो, हा समज सैनिकाच्या जिवाशी संबंधित असल्यामुळे तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

१. नागपूर आणि मोजणीचा वारसा

या विषयाची चर्चा नागपूरच्या संदर्भात करणे अनेक कारणांनी उचित ठरते. कामठी येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र आहे. तेथेच राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी असून, महाविद्यालयीन प्राध्यापक सहयोगी छात्रसेना अधिकारी होण्यासाठी तेथे प्रशिक्षण घेतात. नकाशावाचन हा छात्रसेनेच्या अभ्यासक्रमाचा जुना घटक आहे. विमान वाहतुकीसाठी उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रहाधारित प्रणालीच्या संदर्भ-स्थानकांपैकी एक नागपूर येथे आहे.

याहून जुना धागा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या कामास प्रारंभ केला, तेच पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखले गेले. १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. नागपुरातील झिरो माईलचा दगड याच सर्वेक्षणाची खूण आहे. ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून तो लोकप्रिय असला, तरी सर्वेक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व उंचीच्या प्रमाणचिन्हाचे आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची येथे काटेकोरपणे निश्चित करण्यात आली. एखादी खूण मुळात काय सांगते आणि तिच्याविषयी काय सांगितले जाते, यांत अंतर पडू शकते याचे हे घरचेच उदाहरण होय. उपग्रह-यंत्राच्या बाबतीतही असेच अंतर पडलेले दिसते.

२. यंत्र नेमके काय सांगते

हातातील जीपीएस यंत्र उपग्रहाला काहीही पाठवीत नाही. ते केवळ संदेश ग्रहण करते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या अणुघड्याळातील वेळ आणि आपली कक्षा प्रसारित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या स्वतःच्या घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसणे आवश्यक असते. वेळेच्या मोजणीत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. म्हणजेच ही सारी यंत्रणा मूलतः कालमापनावर आधारलेली आहे.

या गणितातून निघणारे उत्तर म्हणजे आकड्यांची एक जोडी असते. ते आकडे कोणत्या आधारावर वाचावयाचे, हा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. पृथ्वीचा आकार कोणता मानला आणि मोजणीचा प्रारंभ कोठून केला, यावर अक्षांश-रेखांश अवलंबून असतात. या आधाराला सर्वेक्षक ‘डेटम’ म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले होते. जीपीएसची मांडणी मात्र डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक आधारावर झालेली आहे. त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत निराळे येतात. यंत्रातील आकडे जसेच्या तसे जुन्या नकाशावर मांडले, तर प्रदेशानुसार शंभर ते काहीशे मीटरची चूक होऊ शकते. यंत्रात योग्य आधार निवडण्याची सोय असते; परंतु ती निवड माणसालाच करावी लागते.

राष्ट्रीय नकाशा धोरणाने २००५ मध्ये नकाशांच्या दोन मालिका ठरविल्या. मुक्त मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आली, तर संरक्षण मालिकेसाठी जुना आणि नवा असे दोन्ही आधार मान्य करण्यात आले. या काळात कोणता आकडा कोणत्या आधारावरचा आहे, हे स्पष्ट न सांगता निरोप दिला गेल्यास काय घडू शकते, याची कल्पना करणे कठीण नाही.

उंचीच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. जीपीएस यंत्र मुळात गणिती गोलाभापासूनची उंची काढते आणि अंतर्भूत प्रतिमानाच्या आधारे तिचे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत रूपांतर करते. गणिती गोलाभ आणि प्रत्यक्ष समुद्रपातळी यांतील तफावत भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात सुमारे १०० मीटरपर्यंत जाते. तेवढी ती जगात अन्यत्र क्वचितच आढळते. शिवाय उपग्रह नेहमी क्षितिजाच्या वरच्या बाजूलाच दिसत असल्यामुळे उंचीतील चूक आडव्या स्थानातील चुकीपेक्षा स्वभावतःच अधिक असते.

३. कारगिलचे कथन आणि त्याची तपासणी

वर उल्लेखिलेले पहिले गृहीतक येथे तपासता येते. ‘अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली’ हे वाक्य अनेक लेखांत आढळते. परंतु ‘माहिती’ म्हणजे नेमके काय, हे बहुधा सांगितले जात नाही.

जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली होती आणि तिचा नागरी संदेश जगभर विनामूल्य उपलब्ध होता. त्या संदेशात अमेरिकन संरक्षण विभाग हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. ‘सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेमुळे नागरी यंत्राचे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. अचूक लष्करी संदेश सांकेतिक स्वरूपाचा असून तो अमेरिका व तिचे निवडक सहयोगी यांच्यापुरता मर्यादित होता. ही कृत्रिम चूक कारगिलवर केली जात होती तशीच ती न्यूयॉर्कवरही केली जात होती. २ मे २००० रोजी ती बंद करण्यात आली. पुढील पिढीतील उपग्रहांत ही सोयच ठेवली जाणार नाही, असे अमेरिकेने २००७ मध्ये जाहीर केले.

दुसऱ्या बाजूने पाहता, कारगिलमध्ये जीपीएस यंत्रांचा उपयोग झाल्याचाच पुरावा मिळतो. या युद्धातील हवाई मोहिमेवर बेंजामिन लॅम्बेथ यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधुनिक दिशादर्शन सामग्री नसलेल्या मिग-२१ विमानांच्या वैमानिकांनी रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी कॉकपिटमध्ये जीपीएस यंत्र व स्टॉपवॉच वापरल्याची नोंद आहे. संदेश बंदच असता तर हे शक्य झाले नसते. तेव्हा ‘नाकारले’ या क्रियापदाचा संदेश बंद केल्याचा अर्थ टिकत नाही. अचूक लष्करी संदेश भारताला उपलब्ध नव्हता, एवढाच अर्थ निर्विवादपणे टिकतो.

या १०० मीटरचा रणभूमीवरील अर्थ समजून घेणे उद्बोधक आहे. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १०० मीटर म्हणजे केवळ दोन मिलिमीटर. छात्रसेनेत शिकविला जाणारा सहा अंकी ग्रिड संदर्भही १०० मीटर बाजूचा चौकोनच दर्शवितो. सपाट वऱ्हाडात एवढी चूक सोसण्याजोगी ठरेल. द्रास-कारगिलच्या धारदार कड्यावर मात्र १०० मीटर आडवे सरकणे म्हणजे पर्वताच्या दुसऱ्या बाजूला उतरणे होय. त्या युद्धात घराघरांत पोहोचलेली ‘पॉइंट ५१४०’, ‘पॉइंट ४८७५’ ही नावे म्हणजे नकाशावरील मीटरमधल्या उंचीचे आकडे आहेत. उपग्रहांच्या युगात लढले गेलेले हे युद्ध आपली भाषा सर्वेक्षणाच्या नकाशातूनच घेत होते, ही बाब लक्षणीय आहे.

येथे एक तर्कदोष नोंदविणे आवश्यक वाटते. स्थाननिश्चितीची अचूकता परक्या राष्ट्राच्या इच्छेवर अवलंबून असू नये, हा निष्कर्ष योग्यच आहे. त्यासाठी नकाराच्या कथेची मुळीच गरज नाही. २००० पूर्वीची कृत्रिम चूक आणि राखीव लष्करी संदेश या दोन निर्विवाद गोष्टी त्या निष्कर्षाला पुरेशा आहेत. दुर्बल आधारावर मांडलेला योग्य निष्कर्ष विद्यार्थ्याला चुकीची विचारपद्धती शिकवितो. अध्यापकांच्या दृष्टीने ही बाब गौण मानता येणार नाही.

४. यंत्र बरोबर, उत्तर चूक : दोन नोंदी

दुसऱ्या गृहीतकाच्या तपासणीसाठी भारताबाहेरील दोन घटना विचारात घेणे उपयुक्त ठरते. दोन्ही घटना अमेरिकन सैन्यातील आहेत. ज्या देशाकडे उपग्रह आहेत, सांकेतिक संदेश आहे आणि यंत्रेही विपुल आहेत, त्याच देशाचा अनुभव येथे निर्णायक ठरतो.

पहिली घटना ५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेस घडली. विमानांना लक्ष्य कळविणाऱ्या सैनिकाने तालिबानी ठाण्याचे अक्षांश-रेखांश यंत्रात काढले होते. दरम्यान यंत्राची बॅटरी बदलावी लागली. २००२ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, बॅटरी बदलल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्याने स्वतःचेच स्थान दाखविले. सैनिकाने तेच आकडे लक्ष्य समजून कळविले. सुमारे ९०० किलो वजनाचा उपग्रह-मार्गदर्शित बॉम्ब त्याच्याच तुकडीवर पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे काही अफगाण सहकारी ठार झाले. हमीद करझाई यांनाही किरकोळ दुखापत झाली.

या घटनेत उपग्रह चुकले नाहीत, बॉम्ब चुकला नाही आणि यंत्राने दाखविलेले आकडेही अचूक होते. ते आकडे कशाचे आहेत, एवढीच बाब सुटली. डोंगर दर्शविणाऱ्या समोच्च रेषांच्या नकाशावर तो बिंदू मांडून पाहिला असता, तर तो स्वतःच्या पायाखालीच पडतो हे तत्काळ लक्षात आले असते. आकड्यांच्या जोडीकडे पाहून मात्र ते कोणालाही कळत नाही.

दुसरी घटना २३ मार्च २००३ रोजी इराकमधील नासिरिया येथे घडली. ५०७ वी देखभाल कंपनी नियोजित मार्ग सोडून शत्रूच्या ताब्यातील शहरात शिरली आणि अकरा सैनिकांना प्राण गमवावे लागले. अमेरिकन लष्कराच्या अधिकृत अहवालातून असे दिसते की, कंपनीच्या प्रमुखाजवळ जीपीएस यंत्र आणि खुणा केलेला नकाशा ही दोन्ही साधने होती. तथापि ठरलेल्या मार्गाविषयीच त्याचा गैरसमज झाला होता. अनेक तासांची थकवा आणणारी वाटचाल, मागे पडलेली वाहने आणि तुटलेला संपर्क यांची त्यात भर पडली. ‘तू येथे आहेस’ हे यंत्र सांगत होते. ‘तू येथे असावयास नको होतेस’ हे सांगण्याची क्षमता त्यात नव्हती.

याउलट, १९९१ च्या आखाती युद्धात खुणा नसलेल्या वाळवंटात याच यंत्रांनी मोठी मदत केली, हेही मान्य करावयास हवे. लष्करी यंत्रे अपुरी पडल्यामुळे बाजारातील नागरी यंत्रे खरेदी करण्यात आली आणि ती अचूक चालावीत म्हणून कृत्रिम चूक त्या काळापुरती स्थगित ठेवण्यात आली. जेथे भूमीवर वाचण्याजोगे काहीच नसते, तेथे यंत्राची उपयुक्तता सर्वाधिक असते. जेथे भूमी गुंतागुंतीची असते, तेथे केवळ यंत्रावर विसंबणे अधिक धोक्याचे ठरते.

५. गडचिरोलीचे अरण्य

गुंतागुंतीच्या भूमीचे सर्वांत जवळचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात नक्षलविरोधी कारवाईसाठी १९९० मध्ये साठ जवानांचे जे विशेष पथक उभारण्यात आले, ते ‘सी-६०’ या नावाने ओळखले जाते. हे जवान पोलीस दलाचे असल्यामुळे काटेकोर अर्थाने त्यांना सैनिक म्हणता येत नाही. परंतु अरण्यातील स्थाननिश्चितीचा त्यांच्यापुढील प्रश्न पायदळाच्या सैनिकाहून भिन्न नाही.

या पथकाच्या रचनेत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. त्यातील जवान मुख्यतः स्थानिक, विशेषतः आदिवासी समाजातून निवडले गेले. गोंडी व माडिया भाषांचे ज्ञान, पायवाटांचा परिचय आणि ऋतुमानानुसार बदलणाऱ्या रानाची ओळख हेच त्यांचे बलस्थान मानले गेले. म्हणजेच येथे भूमीचे ज्ञान यंत्राच्या आधी आले.

अरण्यात यंत्राला दोन प्रकारच्या मर्यादा पडतात. पहिली तांत्रिक आहे. उपग्रहाचा संदेश पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. दाट पर्णसंभार, विशेषतः पावसाने भिजलेली पाने तो अडवितात. खोल नाल्यात आकाशाचा थोडाच भाग दिसतो आणि उपग्रहांची संख्या घटते. दुसरी मर्यादा अर्थनिर्णयाची आहे. यंत्र गंतव्याचे सरळ रेषेतील अंतर आणि दिशाकोन दाखविते. ‘चार किलोमीटर, ईशान्य’ एवढे कळल्याने मध्ये आडवा येणारा नाला पावसाळ्यात उतरता येतो काय, बांबूचे बेट ओलांडण्यास किती वेळ लागेल, कोणती वाट गावातून जाते आणि ती टाळणे का इष्ट आहे, हे कळत नाही. ही माहिती काही अंशी नकाशात आणि पुष्कळ अंशी माणसात असते. चुकीच्या स्थाननिश्चितीची किंमत जवानाप्रमाणेच त्या परिसरातील गावकऱ्यालाही मोजावी लागू शकते, हेही विसरता येत नाही.

तथापि स्थानिक ज्ञानाचे उदात्तीकरण करणे हीदेखील एक चूकच ठरेल. पायवाटेचे ज्ञान असलेला जवान हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ‘मोहाच्या झाडापासून पुढे’ असे सांगू शकत नाही. त्याला आकडेच कळवावे लागतात. जखमी सहकाऱ्याचा जीव अशा वेळी यंत्रातील अचूक आकड्यांवर अवलंबून असतो. स्थानिक ज्ञान आपल्या माणसांत चालते. आकडे परक्यापर्यंत पोहोचतात. दोहोंचे कार्यक्षेत्र निराळे आहे.

६. ‘नाविक’ : नाव आणि वास्तव

भारत सरकारने २००६ मध्ये स्वदेशी प्रादेशिक उपग्रहमालिकेस मान्यता दिली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच वेळी या प्रणालीला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. भारत आणि त्याच्या सीमेपासून १५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश हे तिचे मुख्य सेवाक्षेत्र असून सर्वांसाठी खुली आणि अधिकृत उपयोगासाठी सांकेतिक अशा दोन सेवा तिच्यात योजिलेल्या आहेत. कारगिलच्या काळात जे परावलंबन होते, त्यावरील हे तत्त्वतः योग्य उत्तर होय.

परंतु मालकी मिळाली म्हणजे विश्वासार्हता आपोआप येते असे नाही. प्रारंभीच्या उपग्रहांतील आयात केलेली अणुघड्याळे एकामागून एक निकामी होत गेली. बदली उपग्रहाचे ऑगस्ट २०१७ मधील प्रक्षेपण उष्णतारोधक कवच विलग न झाल्याने अयशस्वी ठरले. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. तथापि जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. कालमापन हाच या यंत्रणेचा गाभा असल्याने घड्याळाचे स्वावलंबन उपग्रहाच्या स्वावलंबनाइतकेच मूलभूत आहे, हा या इतिहासाचा बोध आहे. शिवाय उपग्रह स्वतःचे असोत वा परक्याचे, त्यांचा क्षीण संदेश जमिनीवरील प्रक्षेपकाने दाबून टाकता येतो किंवा खोट्या संदेशाने फसविता येतो. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात हे मोठ्या प्रमाणावर दिसून आले.

नावाविषयीही एक निरीक्षण नोंदवावेसे आहे. मराठीत ‘नाविक’ हा शब्द माणसासाठी आहे. तारे, वारा, किनारा आणि पाण्याचा रंग यांवरून मार्ग काढणारा तो नाविक. हे नाव उपग्रहमालिकेला देताना माणसाचे कौशल्य यंत्रणेला बहाल केले जाते. नामकरण म्हणून ते सुंदर आहे. परंतु सैनिकी शिक्षणात ते अक्षरशः घेतले गेले, तर सैनिक नाविक न राहता उतारू होण्याचा धोका संभवतो.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कारगिलमध्ये जीपीएस ‘नाकारले’ हे विधान आहे त्या स्वरूपात स्वीकारण्याजोगे नाही. नागरी संदेश उपलब्ध होता व वापरलाही गेला. अचूक लष्करी संदेश उपलब्ध नव्हता. स्वावलंबनाच्या समर्थनासाठी एवढे सत्य पुरेसे आहे.

२) स्थाननिश्चितीतील घातक चुका अनेकदा यंत्र अचूक असतानाच घडतात. आकडे कशाचे आहेत, कोणत्या आधारावरचे आहेत आणि ते भूमीशी जुळतात काय, या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्र देत नाही.

३) यंत्र आणि नकाशावाचन ही परस्परांची तपासणी करणारी साधने आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की ही तपासणी नाहीशी होते.

छात्रसेनेच्या वर्गात किंवा भूगोलाच्या क्षेत्रभेटीत यावरून एक साधी पद्धत अवलंबिता येईल. विद्यार्थ्याने प्रथम नकाशा, होकायंत्र आणि सभोवतालच्या खुणा यांवरून आपले स्थान ठरवावे, ते कागदावर लिहावे आणि त्यानंतरच यंत्र पाहावे. दोन उत्तरांत फरक आढळल्यास त्याचे कारण शोधावे. कधी चूक विद्यार्थ्याची निघेल, कधी डेटमच्या निवडीची आणि कधी झाडांच्या छायेची. कंदाहारच्या त्या सैनिकाला नेमकी हीच दुसरी नजर मिळाली नव्हती. पुढील पिढीला ती देण्याचे काम नकाशा शिकविणाऱ्या शिक्षकाकडेच राहते.